चकमकींनी मुंबई साफ झाली म्हणणाऱ्यांना

परळकर
काल इथे एकाने लिहिलं, "संघटित गुन्हेगारीचा अभ्यास करून काय मिळतं? नव्वदच्या दशकात पोलिसांनी चकमकीत गुंड मारले, मुंबई साफ झाली, विषय संपला." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितोय. लोखंडवालाची चकमक झाली १६ नोव्हेंबर १९९१ ला, गँगस्टर माया डोळस मेला. मग जानेवारी १९९७ मध्ये पवईत कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांवर गोळ्या कशा झाडल्या गेल्या? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अंधेरीत कॅसेट कंपनीवाले गुलशन कुमार कसे मारले गेले? एक शूटर मेला की दुसरा उभा राहतो. म्होरके परदेशात बसून फोन करत होते. म्हणून १९९९ ला मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा, आणावा लागला. टोळीचा पैसा, माणसं, फोन कसे फिरतात हे कोणीतरी बसून समजून घेतलं, तेव्हाच तो लिहिता आला.

दादरचा दुकानदार
तुम्हाला खंडणीचा फोन आला होता का कधी? आम्हाला आला. १९९६ साल, कापडाचं दुकान. फोन वाजला की बाबा आधी शटर अर्धं खाली ओढायचे आणि मग रिसीव्हर उचलायचे. गल्ल्याखालचे पैसे दोनदा मोजून पाकिटात भरायचे, हात थरथरायचे. फोन करणारा टोळीचा पंटर चकमकीत गेला आणि फोन बंद झाले. माझ्यासाठी विषय तिथेच संपतो.

गिरणीकामगाराची लेक
तो पंटर कुठून आला हे कोणीच विचारत नाही! १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला, अडीच लाख कामगार घरी बसले. आई पापड लाटायची, मंगळसूत्र सावकाराकडे. आमच्या चाळीतली पोरं व्यायामशाळेतून थेट भाईच्या मागे गेली.

दादरचा दुकानदार
हे रडगाणं बस झालं. गुंड मन्या सुर्वे वडाळ्याला पोलिसांच्या गोळीने मेला ११ जानेवारीला, म्हणजे संपाच्या आठवडाभर आधी. मस्तान, वरदराजन, करीम लाला हे जुने डॉन कुठल्या गिरणीत कामाला होते? माझ्या मामाचीही गिरणी बंद पडली. त्याने टॅक्सी चालवली, कट्टा नाही घेतला.

गिरणीकामगाराची लेक
माझ्या आईच्या पापडांना रडगाणं म्हणू नका. टोळ्या आधीपासून होत्या, तारखेचं मान्य. पण दारू-तस्करीच्या टोळीला पाच-पन्नास माणसं पुरायची. दर गल्लीत बेकार पोरगा उभा राहिला तो संपानंतर. तुमच्या मामाला टॅक्सीचं परमिट मिळालं. माझ्या भावाला दोन वर्षं काहीच मिळालं नाही. तो वाचला, कारण आजोबांनी त्याला कणकवलीला पाठवला. त्याच्या बरोबरीचे दोघे नाही वाचले.

दादरचा दुकानदार
त्या दोघांचं वाईट वाटतं. तरी पाकीट आमच्याच घरातून जात होतं.

सत्र न्यायालयातला
मी मोक्क्याचे खटले लढवतो, आरोपींच्या बाजूने. परळकर, इतकं कौतुक नको. मोक्का लावायला आधी एकाहून जास्त आरोपपत्रं लागतात, पण ती टोळीवर असली की पुरे. पोरावर स्वतःवर एकही नसलं तरी तो अडकतो. कोयता घेऊन व्हिडिओ काढणारा एकोणीस वर्षांचा पोरगा माझ्याकडे आहे. तीन वर्षं जामीन नाही. मागून पैसा पुरवणारा बाहेर आहे. आणि चकमकवाल्यांनो, लखनभैया नावाच्या माणसाला पोलिसांनी नोव्हेंबर २००६ मध्ये वाशीतून उचलला आणि वर्सोव्याला 'चकमकीत' मारला. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने एका माजी पोलीस अधिकाऱ्याला त्यात जन्मठेप दिली. तुमच्या शेजारचा पोरगा असा उचलला तर चालेल?

परळकर
कोयत्यावाल्या पोराचं खरं आहे, तिथे मोक्का चुकीच्या माणसावर पडतोय. पण टोळीचा म्होरक्या अरुण गवळीला २०१२ मध्ये जन्मठेप झाली ती मोक्का न्यायालयातच, साक्षीपुराव्यावर. आमदार झालेला माणूस होता तो. ते चकमकीने झालं नसतं.

दादरचा दुकानदार
गवळीचं मानतो, नाइलाजाने. पण पुरावा पुरावा करता, आमच्या दुकानाचा कागद कुठे आहे? बाबांनी तक्रारच केली नव्हती. तुमच्या अभ्यासात आमची खंडणी मोजलीच जाणार नाही.

परळकर
हेच तर म्हणतोय. चौकीतला आकडा म्हणजे तक्रार करायची हिंमत झाली त्यांचा आकडा. किती रक्कम, दर किती दिवसांनी, पाकीट घ्यायला कोण यायचं, हे फक्त तुमच्या बाबांना माहीत आहे. ते सांगतील का? नाव नको, दुकान नको.

दादरचा दुकानदार
८३ वर्षांचे आहेत. आजही लँडलाइन वाजली की दाराकडे बघतात. विचारून बघतो. शब्द देत नाही.