शब्दचर्चा: ‘ज्ञान व्यवस्थापन’ म्हणावं की आणखी काही?

अंबडहून प्रश्न

अंबड एमआयडीसीत आमचा प्लास्टिक मोल्डिंगचा छोटा कारखाना आहे, माणसं नऊ. एका ग्राहकाने ‘नॉलेज मॅनेजमेंट’ची, म्हणजे कामातलं ज्ञान जपून सगळ्यांना मिळेल असं ठेवायची, पद्धत लिहून मागितली आहे. कामगारांनाही वाचता यावी म्हणून मराठीत लिहायला घेतली आणि मथळ्यालाच अडले. ‘ज्ञान व्यवस्थापन’ असं लिहिलं, तर एका मुलाने विचारलं, “ताई, हे अध्यात्माचं आहे का?” त्याचं काही चुकलं नाही. आपल्याकडे ‘ज्ञान’ म्हटलं की ज्ञानोबाच आठवतात.

गेल्या जुलैची गोष्ट सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. भिंतीवर तक्ता आहे: नायलॉनचा दाणा 80 अंशांवर 4 तास सुकवा. आमचे जुने ऑपरेटर काका डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. पोरांनी तक्त्याप्रमाणे सगळं केलं, तरी दोन दिवस मालावर चंदेरी रेघा. काका आले, नोझलमधून थोडा माल पत्र्यावर सोडला, गार झालेला गोळा मोडून आतले बुडबुडे दाखवले. “दाणा ओला आहे. गोणी कधी फोडली?” पावसाळ्यात गोणी उघडी राहिली की नायलॉन हवेतली ओल ओढून घेतं, मग चार तास पुरत नाहीत. तक्त्यावर होती ती माहिती. काकांकडे होतं त्याला काय म्हणू?

नाशिक रोडहून

ताई, त्याला ‘जाण’ म्हणा. ‘ज्ञान’ आणि ‘जाण’ दोन्ही ‘ज्ञा’ धातूचेच, पण एक पोथीत राहिला आणि दुसरा घरात आला. गाण्याची जाण, शेतीची जाण असं आपण म्हणतो, तिथे ‘माहिती’ चालत नाही. ‘जाणकारी’ मात्र टाळा. हल्ली हिंदीच्या वळणाने तो शब्द नुसत्या ‘माहिती’साठी वापरतात.

हे अंगात मुरलेलं, पण शब्दांत सांगता न येणारं ज्ञान. इंग्रजीत त्याला ‘टॅसिट नॉलेज’ म्हणतात, आणि त्याला पुस्तकी मराठीत ‘अव्यक्त ज्ञान’ हा शब्द आहे. चूक नाही, पण कोरडा आहे. आपली भाषा हे सगळं हाताशी बांधते: हातोटी, हात बसणे, अमक्याच्या हाताखाली शिकणे. ‘हातचं राखून सांगणे’सुद्धा त्यातलंच, आणि तुमच्या पद्धतीत सगळ्यात मोठी अडचण तीच येईल. सगळं सांगून टाकलं तर आपली गरज संपेल, अशी भीती माणसाला वाटते. ती भीती ‘व्यवस्थापन’ या शब्दाने वाढते, कमी होत नाही.

जपानचे व्यवस्थापनाचे अभ्यासक इकुजिरो नोनाका यांनी एक उदाहरण प्रसिद्ध केलं. मात्सुशिता कंपनीचं घरगुती पाव भाजायचं यंत्र 1980च्या दशकात तयार होत होतं, पण पाव नीट होईना. तेव्हा कंपनीतल्या इकुको तनाका ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली शिकायला राहिल्या. कणीक ताणताना तो तिला पीळ देतो, हे त्यांनी पाहिलं आणि यंत्र तसं करून घेतलं. त्या पाववाल्याला हे लिहून मागितलं असतं, तर पीळ लिहायचा राहिला असता असं मला वाटतं.

सातपूरहून

मी मोठ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. तुमच्या ग्राहकाची मागणी बहुधा आयएसओ 9001 या गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2015च्या आवृत्तीतून आली असावी. त्यात 7.1.6 हे कलम संस्थेच्या ज्ञानाबद्दलच आहे: कामाला लागणारं ज्ञान ठरवा, जपा, लागेल त्याला मिळेल असं ठेवा.

‘जाण’ नऊ माणसांत चालेल. तुमच्याकडे काका रजेवर गेले तर कोणाला विचारायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्याकडे हजारावर माणसं आहेत. तिथे कोणाला काय माहीत आहे, हेच कोणाला माहीत नसतं. एका शेडमध्ये सुटलेली अडचण दुसऱ्या शेडमध्ये पुन्हा पहिल्यापासून सोडवतात, हे मी स्वतः पाहिलंय. म्हणून आम्हाला ‘नोंद’ आणि ‘दप्तर’ हे जुने शब्दच उपयोगी पडतात. त्यातही आधी जाणकारांची यादी करावी, मग कागद.

पंचवटीहून

दप्तराचा विषय निघालाच आहे, तर आपल्या गावाकडेही बघा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे वंशावळीच्या वह्या आहेत. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की पणजोबांच्या सहीचं पान निघतं. संस्था केवढी, तर एक घर, पण शिस्त पिढ्यान्‌पिढ्यांची. आलेल्या यजमानाकडून नवी नोंद लगेच करून घेतात, म्हणून वही जिवंत राहते. या कामाला मी ‘जतन’ म्हणेन.

याउलट सिंहस्थ. 2003, 2015, आता 2027. बारा वर्षांत बंदोबस्त आखणारे अधिकारी बदलून जातात. 2003च्या चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविक गेले. कोणत्या उतारावर गर्दी कशी दाटते, हे तेव्हा तिथे उभ्या असलेल्या शिपायाला ठाऊक होतं. त्याला बोलावून विचारायला हवं, नुसता अहवाल पुरायचा नाही.

अंबडहून पुन्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. मथळा ठरला: ‘कामाची जाण आणि नोंद’. ‘व्यवस्थापन’ काढलं. ग्राहकाच्या प्रतीवर खाली बारीक अक्षरात ‘ज्ञान व्यवस्थापन’ ठेवते, त्यांना ते लागेल.

तक्त्यात काकांच्याच शब्दांत ओळ घातली: “गोणी कधी फोडली ते आधी विचारा. गोळा मोडून बघा. बुडबुडे दिसले तर माल काढू नका.” खाली त्यांचं नाव लिहिलं. शिवाय एक मुलगा महिनाभर त्यांच्या हाताखाली दिलाय. नव्या तक्त्यापुढे काका बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “ताई, साचा गरम किती ठेवायचा तेही लिहून घ्या. पावसाळ्यात मी तो वेगळा ठेवतो.”