बेसबॉलमधला ‘रिप्लेसमेंट’, ‘ओव्हरपेड’ आणि आपलं ‘मानधन’

बेसबॉलवर मराठीत लिहायला घेतलं की नियम समजावणं सोपं जातं, अडतं ते खेळाडू किती चांगला आणि त्याला किती पैसे द्यावेत हे बोलताना. तीन शब्दांवर मत हवंय.

पहिला मानधन. आपल्याकडे खेळाडूला मिळालेल्या पैशाला सरसकट मानधन म्हणतात. व्याख्यात्याला, परीक्षकाला देतात ते मानधन, त्यात देणाऱ्याने मान राखून काहीतरी दिलं आणि घेणाऱ्याने घासाघीस केली नाही असा भाव आहे. हुआन सोटोने २०२२ मध्ये वॉशिंग्टन संघाची १५ वर्षांची ४४ कोटी डॉलरची ऑफर नाकारली आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्स संघाशी १५ वर्षांचाच करार केला ७६.५ कोटींचा, याला मानधन कसं म्हणायचं? हा पगार आहे, आणि तो भांडून मिळवलेला आहे. १९७५ च्या डिसेंबरात पीटर सायट्झ या लवादाने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या खेळाडूंच्या बाजूने निकाल देईपर्यंत संघ खेळाडूला दर वर्षी आपोआप बांधून ठेवायचे, दुसरीकडे जायची सोयच नव्हती. १९९४ मध्ये तर खेळाडूंच्या संपामुळे वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेता ठरवणारी अंतिम मालिकाच, रद्द झाली. जिथे युनियन आहे, संप आहे तिथे पगार हाच शब्द हवा असं माझं ठाम मत आहे.

दुसरा रिप्लेसमेंट लेव्हल. ‘वॉर’ (विन्स अबव्ह रिप्लेसमेंट) नावाचा आकडा आहे, युद्धाशी संबंध नाही, खेळाडूने फलंदाजी, धावणं, फील्डिंग, पिचिंग सगळं मिळून संघाला किती जास्तीचे विजय मिळवून दिले ते तो सांगतो. जास्तीचे कोणापेक्षा? सरासरी खेळाडूपेक्षा नाही, तर मायनर लीगमधून (खालच्या दर्जाच्या स्पर्धांतून) किंवा अगदी कमी पैशात कधीही उचलता येईल अशा खेळाडूपेक्षा. सगळा संघच अशा खेळाडूंचा असेल तर १६२ पैकी साधारण ४८ मॅच जिंकेल असं धरलंय. याला ‘बदली खेळाडू’ म्हटलं की क्रिकेटवाल्या वाचकाला बारावा गडी दिसतो आणि सगळं स्पष्टीकरण फुकट जातं. मी सध्या ‘कामचलाऊ पातळी’ वापरतोय. ख्रिस डेव्हिसने २०१३ मध्ये ५३ होमरन मारले, २०१६ च्या जानेवारीत ओरिओल्सनी त्याला ७ वर्षांचे १६.१ कोटी दिले आणि २०१८ मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी फक्त .१६८ होती (हजार प्रयत्नांत १६८ यशस्वी फटके), त्याचा वॉर उणे आला. उणे म्हणजे कामचलाऊ माणूस उभा केला असता तरी संघाचे जास्त सामने निघाले असते, हे ‘बदली’ म्हणून कळत नाही.

तिसरा ओव्हरपेड, आणि खरा मुद्दा हाच आहे. आपल्याकडे भाव, किंमत, मोल असे तीन शब्द आहेत आणि बेसबॉलला तिन्ही लागतात. भाव बाजार ठरवतो, किंमत संघ मोजतो आणि मोल खेळाडू मैदानावर दाखवतो. ‘महाग पडला’ म्हणणारे बहुतेक वेळा फक्त किंमत बघतात. २०१२ मध्ये माइक ट्राउट वीस-एकवीस वर्षांचा होता, त्याचा वॉर दहाच्या वर गेला, आणि पगार जवळजवळ किमान, कारण पहिली सुमारे तीन वर्षं संघ देईल ते घ्यावं लागतं (२०२५ मध्ये किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता), मग पगाराचा वाद लवादापुढे नेता येतो, आणि सहा वर्षं भरल्यावर दुसऱ्या संघाकडे जायची मोकळीक. म्हणजे अंगात सगळ्यात जास्त जोर असतो तेव्हा खेळाडू मोलापेक्षा खूप कमी घेतो आणि तिशीनंतर जास्त घेतो. ट्राउटच्या २०१९ च्या ४२.६५ कोटींच्या कराराबद्दल लोक आता कुरकुर करतात, दुखापतींमुळे तो बराच काळ बाहेर होता हे खरंय, पण अगदी सुरुवातीच्या वर्षांत एंजल्सना जे जवळजवळ फुकट मिळालं त्याचा हिशोब कोण धरणार? मला तरी हा अन्याय वाटतो, आणि ओव्हरपेड या एका शब्दात तो झाकला जातो.

प्रतिसाद: मोल आणि किंमत हा फरक आवडला. ‘कामचलाऊ’ मात्र पटत नाही. ट्रिपल ए मधला (मायनर लीगच्या सगळ्यात वरच्या पायरीवरचा) पोरगा लहानपणापासून घासून तिथवर आलेला असतो, त्याला कामचलाऊ म्हणणं बरोबर नाही. ‘हाताशी असलेला खेळाडू’ म्हटलं तर? कोणीही सहज मिळेल हा अर्थही येतो आणि हिणवल्यासारखं वाटत नाही.

मूळ लेखक: ‘हाताशी असलेला’ सुरेख आहे, खेळाडूबद्दल बोलताना हाच वापरू. पातळीला मात्र ‘हाताशी असलेली पातळी’ म्हणता येत नाही, तिथे कामचलाऊ राहू द्या, कारण ते मोजमापाचं नाव आहे, माणसाचं नाही.

प्रतिसाद: आयपीएलमध्ये बोली लागते, नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात पंतला २७ कोटी रुपये मिळाले, तिथे मोल वगैरे कोणी काढत नाही. बेसबॉलला पण ‘बोली’च म्हणा ना, सगळ्यांना कळेल.

मूळ लेखक: कळेल पण चुकीचं कळेल हो. लिलावात खेळाडू नुसता नाव देतो, कुठला संघ घेणार हे त्याच्या हातात नसतं, आणि संघाच्या पर्समधले पैसे संपले की संपले. बेसबॉलच्या फ्री एजंटचा (करारातून मोकळ्या झालेल्या खेळाडूचा) एजंट चार संघांशी बोलतो, वर्षं किती, मध्येच करार सोडायची मुभा आहे का, ट्रेडला (दुसऱ्या संघाशी अदलाबदलीला) नकार देता येईल का, हे सगळं ठरवतो. पगाराला पक्की कमाल मर्यादा नाही, ठराविक रकमेवर गेलं की संघ कर भरतो. याला आपल्याकडे ‘वाटाघाटी’ म्हणतात, तोच शब्द चपखल आहे.

प्रतिसाद: लवादाबद्दल एक. आपल्याकडे लवाद म्हटलं की दोघांना थोडं थोडं सोडायला लावणारा माणूस डोळ्यासमोर येतो. बेसबॉलच्या पगाराच्या सुनावणीत तसं नसतं, खेळाडूचा एक आकडा, संघाचा एक आकडा, आणि पॅनलला दोन्हीपैकी एकच निवडावा लागतो, मधला नाही. पिचर कॉर्बिन बर्न्सने २०२३ मध्ये १.०७५ कोटी डॉलर मागितले, त्याचा संघ ब्रूअर्स १.००१ कोटीवर अडला आणि तो हरला. २०२१ चा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) विजेता, आणि त्याचाच संघ सुनावणीत तो तेवढ्याच्या लायकीचा कसा नाही हे सांगत बसला! नातं दुखावलं असं तो स्वतः बोलला, वर्षभरात त्याला बाल्टिमोरला पाठवलं. सात-साडेसात लाख डॉलरसाठी असं करणं मला संघाचा आंधळेपणा वाटतो.

मूळ लेखक: अगदी. शब्द ‘लवाद’च ठेवू, कायद्यात तोच आहे, पण पहिल्यांदा येईल तिथे ‘दोनपैकी एक आकडा’ हे सोबत लिहायलाच हवं.

प्रतिसाद: मग डिफर्डला, म्हणजे पुढे ढकललेल्या पगाराला, काय? डॉजर्सच्या ओतानीचे ७० पैकी ६८ कोटी डॉलर २०३४ ते २०४३ मध्ये मिळणार, याला ‘थकीत’ लिहिलेलं चालेल का?

मूळ लेखक: नाही चालणार. थकीत म्हणजे देय तारीख उलटून गेली आणि दिले नाहीत. इथे तारीखच पुढची ठरलीय, आणि दोघांच्या संमतीने. मी ‘पुढच्या मुदतीचे पैसे’ लिहितो. आणि हा शब्द नीट वापरला नाही तर मोलाचा हिशोबही चुकतो, कारण दहा वर्षांनी मिळणाऱ्या डॉलरची आजची किंमत कमी, म्हणून करासाठी ओतानीचा करार वर्षाला ७ कोटी न धरता सुमारे ४.६ कोटी धरतात. उलट बाजू मेट्सचा जुना खेळाडू बॉबी बोनियाची, मेट्सनी २००० मध्ये ५९ लाख डॉलर देऊन मोकळं व्हायच्या ऐवजी ८ टक्के व्याजाने पुढे ढकलले, म्हणून २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला त्याला ११ लाख ९३ हजारांच्या वर जातात. लोक म्हणतात तो न खेळता ओव्हरपेड आहे. तो नाहीये, ते त्याचेच पैसे आहेत, व्याजासकट.