मदत हवी आहे: माओरींच्या 'काहू कुरी'ला कातड्याच्या पट्ट्या कशा जोडतात?

नमस्कार मंडळी,

मी हातमाग शिकवते. यंदा विद्यार्थ्यांकडून मागाशिवायचं विणकाम करून घेतेय. त्यात न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरींचं काहू कुरी, म्हणजे विणलेल्या कापडावर कुत्र्याच्या कातड्याच्या पट्ट्या शिवलेलं पांघरूण घेतलंय आणि एका जागी अडलोय. न्यूझीलंडमध्ये कुणी असेल तर कृपया वाचा.

कुरी हा त्यांचा कुत्रा. माओरींचे पूर्वज तेराव्या शतकाच्या सुमारास पूर्व पॉलिनेशियातून होड्यांनी आले, तेव्हा सोबत आला. पाय आखूड, शेपटी झुपकेदार. भुंकण्यापेक्षा हेल काढून रडायचा. शिकारीला तोच, खायलाही तोच. शेपटीचे लांब पांढरे केस 'तायाहा' या लाकडी शस्त्राला बांधत. ते मळू नयेत म्हणून पांढऱ्या कुत्र्यांना घरात स्वच्छ चटईवर झोपवत! युरोपीय कुत्र्यांशी संकर होत होत एकोणिसाव्या शतकात ही जात संपली. वेलिंग्टनच्या 'ते पापा' संग्रहालयात शेवटची मानली जाणारी मादी आणि तिचं पिल्लू जतन केलेलं आहे. म्हणजे जुनी पांघरुणं उरलीत तेवढीच, आणि म्हणूनच मला हे नीट शिकायचंय.

खालचं कापड जमलं. तिकडे हाराकेके या लांब पानांच्या झाडाची पानं शिंपल्याने खरवडून 'मुका' नावाचा मऊ, चमकदार धागा काढतात. आम्ही अंबाडी घेतली. जमिनीत दोन खुंट्या रोवून दोरी ताणायची, उभे धागे तिच्यावरून खाली सोडायचे आणि आडव्या धाग्यांची जोडी बोटांनी पिळत एकेका धाग्याला वेढायची. धोटा नाही, फणी नाही. तरी वीण इतकी घट्ट बसते की पोरं हरखून गेली.

अडचण पट्ट्यांची. शेळीच्या केसाळ कातड्याच्या अरुंद पट्ट्या उभ्या ओळींत शिवल्या, तर कापड आकसतं आणि कडा वर वळतात. टाके दोन्ही कडांना घालायचे की मधोमध? कातडं आधी मऊ कसं करायचं? फोटोंत केसांचीच बाजू दिसते. कुणी उलटी बाजू जवळून पाहिली आहे का?

आणखी एक. माओरींसाठी ही पांघरुणं 'ताओंगा' आहेत, पूर्वजांचा ठेवा. आमचा नमुना वर्गाबाहेर मांडण्याआधी तिथल्या एखाद्या विणकर बाईंना विचारायची इच्छा आहे. पत्र कुणाला आणि कसं लिहावं?