दुचाकीवरचा पाऊस : पाणी नेमके शिरते कुठून?

पावसात मोटरसायकल चालवणाऱ्या बहुतेकांनी निदान एक रेनकोट 'गळतो' म्हणून टाकून दिलेला असतो. माझ्या अनुभवात कापड क्वचितच गळते. पाणी शिरते ते गळ्यातून, मनगटातून, झिपच्या फटीतून आणि सर्वांत जास्त जांघेतून. म्हणून कोणता रेनकोट घ्यावा यापेक्षा आपण कुठे भिजलात, त्याचे कारण कसे उमगले आणि त्यावर काय केलेत, हे लिहावे ही विनंती. फसलेले उपाय आवर्जून लिहावेत.

सुरुवात माझ्यापासून करतो. कित्येक दिवस माझा उजवा हात कोपरापर्यंत भिजत असे आणि डावा कोरडा राहत असे. रेनकोट बदलला तरी तेच. शेवटी लक्षात आले की, थ्रॉटल पिळताना उजवी बाही मागे सरकते, आतल्या सुती शर्टाची कफ बोटभर बाहेर डोकावते आणि दिव्याची वात जशी तेल ओढते तसे ते कापड पाणी वर ओढत राहते. तेव्हापासून शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून मगच रेनकोट चढवतो. गळ्याशी सुती रुमाल बांधणेही याच कारणासाठी सोडले.

* * *

माझी तक्रार जांघेचीच. बसल्यावर पोटाशी आणि मांड्यांमध्ये एक खळगा तयार होतो, छातीवरून ओघळलेले आणि टाकीवरून मागे आलेले पाणी त्यात साचते आणि नेमकी तिथेच पॅन्टची शिवण असते. कापडाची जलरोधकता त्यावर किती मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ टिकतो यावरून मोजतात. परंतु तो आकडा कापडाचा असतो, शिवणीचा नव्हे, आणि तिथे तर सगळ्या अंगाचा भार पडतो. घडीवर घडी पडून शिवणीवरची आतली पट्टी सुटली होती, हे मला पॅन्ट उलटी करून उजेडात धरल्यावर दिसले. आता कंबर उंच असलेली, खांद्यावर पट्टे येणारी पॅन्ट वापरतो, जॅकेट तिच्यावरून मांड्यांपर्यंत खाली घेतो आणि गाडी थांबली की उभा राहून साचलेले पाणी सांडून देतो. खरेदी करताना गाडीवर बसून पाहावे, कारण उभ्याने अगदी बेताची वाटणारी पॅन्ट बसल्यावर घोट्याच्या चार बोटे वर जाते.

* * *

मी दोन रेनकोट गळके ठरवून काढून टाकले. तिसऱ्याच्या वेळी परीक्षा घेतली : आत वर्तमानपत्राचे बोळे भरले, गळा आणि बाह्या बांधल्या आणि तो पाव तास शॉवरखाली टांगला. कागद कोरडा निघाला. म्हणजे मला भिजवणारा पाऊस नव्हता, माझा स्वतःचा घाम होता. प्लास्टिकच्या किंवा रबरी थराच्या कापडातून बाष्प बाहेर पडत नाही आणि ते आतल्या गार पृष्ठभागावर थेंब होऊन बसते.

त्यानंतर पडदायुक्त कापडाचे जॅकेट घेतले. १९६९ साली बॉब गोर यांनी टेफ्लॉन ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळवला, त्यावर गोर-टेक्स हे जलरोधक कापड उभे आहे; पाण्याचा थेंब त्यातून जात नाही, बाष्प जाते. मात्र ते जाण्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा पुरेशी कोरडी किंवा गार लागते. उष्ण, दमट हवेत फरक मला जेमतेमच जाणवला. शिवाय वरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप झिजला की ते कापड पाणी पिऊन जड होते आणि पडदा शाबूत असूनही आत चिकट, गार वाटते. लेप पुन्हा देता येतो. तरीही छोट्या प्रवासाला मी पुन्हा साध्या रेनकोटाकडे वळलो आहे. फक्त आत जाळीचे जॅकेट घालतो, म्हणजे तो अंगाला चिकटत नाही.

* * *

पोंचो वापरू नये, एवढेच सांगतो. माझ्या पोंचोचे टोक चेनमध्ये गेले, तेव्हा सुदैवाने गाडी जवळजवळ थांबलेली होती.

* * *

हातमोजे बाहीच्या आत की बाहेर, हा वाद इथे होणारच, म्हणून आधीच लिहितो. हात खांद्यापासून खाली उतरत असेल तर पाणी बाहीवरून पंजाकडे वाहते, तेव्हा मोजा आत आणि बाही वर असावी. उंच हँडलच्या गाडीवर पंजे कोपरांपेक्षा वर राहतात आणि तिथे उलटे करावे लागते. बुटांच्या बाबतीत मात्र पॅन्ट बाहेरूनच हवी. ओल्या बुटावरून ती चढत नसेल तर बुटावर प्लास्टिकची पिशवी चढवावी, पॅन्ट सरकन चढते. माझ्या पॅन्टचा उजवा पाय सायलेन्सरला चिकटून वितळला, तेव्हापासून मोकळा घोळ वेल्क्रोने आवळतो. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्र भरून ते दोन-तीनदा बदलावे; आगीजवळ ठेवलेले माझे चामडी बूट तडकले.

* * *

मला चष्मा आहे, त्यामुळे अंग कोरडे राहूनही काहीच दिसत नाही अशी अवस्था अनेकदा झाली. हेल्मेटच्या काचेला आतून भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब चोळून पुसला तर काही काळ धुके धरत नाही, पण लांबच्या प्रवासात तो उपाय टिकला नाही. हेल्मेटच्या काचेला आतून लागणारी पिनलॉकची दुसरी काच बसवल्यावर प्रश्न मिटला : दोन थरांमध्ये कोंडलेली हवा आतली काच गार होऊ देत नाही. ती मऊ असते, कोरड्या फडक्याने घासल्यास ओरखडे उठतात. चष्म्यासाठी मात्र नाकाशी श्वास अडवणारी पट्टी आणि किलकिली ठेवलेली काच, याहून चांगले मला काही सापडलेले नाही.

* * *

वरचे सगळे पटले. माझी चूक याहून साधी होती. रेनकोट बॅगेच्या तळाशी असे. 'भुरभुर आहे, पुढे थांबू' म्हणत मी जात राही आणि अखेर थांबून सगळे सामान उपसेपर्यंत चिंब झालेला असे. ओल्या कपड्यांवर चढवलेला रेनकोट ते पाणी इमानेइतबारे आतच सांभाळतो, आणि पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा वीसपटींहून अधिक वेगाने वाहून नेत असल्यामुळे तासाभरात बोटे इतकी बधिर झाली की क्लच नीट दाबता येईना. आता रेनकोट सीटवरच बांधलेला असतो, आणि बॅगेच्या तळाशी, तोंड तीनदा गुंडाळून बंद होणाऱ्या पिशवीत, कोरडे मोजे असतात.