महिंद्रा एफसी-१५०च्या हौद्यासाठी नवा कॅनव्हास हूड: कापड कोणतं, मीटर किती?

नेरूरपार

गाडी महिंद्रा एफसी-१५०, म्हणजे जुना जीपवजा छोटा पिकअप, पत्र्याचा हौदा. हूडचा सांगाडा शाबूत आहे, पाइपच्या चार कमानी आणि त्यांना लांबीत जोडणाऱ्या तीन पट्ट्या. कापड मात्र पार गेलंय. कमानींच्या रेघांवर चिरलंय आणि आयलेटभोवती (दोरी ओवायच्या धातूच्या कड्यांभोवती) नख लावलं तरी तुकडा हातात येतो.

मापं अशी. हौद्याची लांबी फाळका लावून १८८ सेंमी, बाहेरून रुंदी १५०, कठड्यापासून कमानीच्या माथ्यापर्यंत १२०. कमानी पुढून मोजल्या तर ०, ६३, १२५ आणि १८८ सेंमीवर. बांधायचे हुक कठड्याच्या खाली बाहेरच्या अंगाला.

गाडी सिंधुदुर्गात असते, शेड तीन बाजूंनी उघडी. तयार हूड कुठे मिळतो का? नसेल तर कापड कोणतं आणि किती घ्यावं? आणि शिवणाऱ्याला नेमकं काय सांगायचं? इथले सीटकव्हरवाले "टाका ताडपत्री" म्हणून मोकळे होतात.

जाडाभरडा

तयार हूडच्या मागे लागू नका. बाजारात तयार मिळतात ते सीजे-३बी आणि एमएम ५४० जीपचे. हरियाणातल्या मंडी डबवालीकडून येणारे बहुतेक त्याच मापांचे. ते पुढे विंडशील्डच्या फ्रेमला अडकतात. एफसीचं केबिन वेगळं, हौदा वेगळा, त्यामुळे तो हूड कापून जुळवण्यात नव्याइतकीच शिलाई जाते. शिवाय एफसीचे हौदेही सगळे एकसारखे नाहीत. मूळ अमेरिकन विलीज कंपनीच्या एफसी-१५०चा हौदा ७४ इंची, म्हणजे तुमचा १८८ सेंमी त्याच्याशी जुळतो. पण आपल्याकडे कित्येक गाड्यांवर गावातल्या बॉडीवाल्यांनी हौदे चढवलेत. दुसऱ्याच्या एफसीचं माप मागवून कापड कापू नका.

कापड: सुती कॅनव्हास, प्रूफिंग केलेलं (म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून प्रक्रिया केलेलं), १५ औंस. औंस म्हणजे चौरस वाराचं वजन. एक औंस म्हणजे सुमारे ३४ जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), तेव्हा १५ औंस साधारण ५१० जीएसएम झालं. १२ औंस कमानीवर लवकर घासून जातं. १८ औंस टिकतं, पण ओलं झाल्यावर एकट्याने उचलवत नाही आणि दुमडीवर साध्या मशीनची सुई मोडते.

दुकानदाराच्या तोंडी जीएसएमवर विसंबू नका. १० बाय १० सेंमीचा तुकडा सोनाराच्या काट्यावर तोला, जितके ग्रॅम भरतील त्याला १०० ने गुणा. १५ औंसाचा तुकडा ५.१ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. मग तोच तुकडा कोमट पाण्यात चोळून, खडखडीत वाळवून पुन्हा तोला. वजन दणकून उतरलं तर कापडात खळ भरलेली आहे, पहिल्या पावसात ती वाहून जाईल आणि हातात जाळी राहील. दुसरी परीक्षा आटण्याची. ५० सेंमीचा चौकोन शाईने आखा, रात्रभर भिजवा, वाळवा, ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेने वेगवेगळं मोजा. तिसरी, कापडाची झोळी करून त्यात तांब्याभर पाणी चोवीस तास ठेवा. खालून दमट लागलं तर चालेल, थेंब पडता कामा नये.

मुंबईत जाणार असाल तर मस्जिद बंदरला ताडपत्रीवाल्यांकडे पाहा. कानपूरचा माल मागा, तंबूच्या कापडाचं ते जुनं ठिकाण. ताडपत्रीवाले चौरस फुटाचा भाव सांगतात, कॅनव्हासवाले मीटरचा. पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, विचारल्याशिवाय तुलना करू नका.

रंगाबद्दल एक. हिरवा छान दिसतो हे खरं, पण केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग लष्कराच्या गाड्यांनाच आहे. नियम गाडीच्या रंगाचा आहे, कापडाचं नाव त्यात नाही. तरी नाक्यावर तो वाद घालत बसण्यापेक्षा खाकी घ्या.

वॉकिंगफूट

मीटरचा हिशेब मी मांडतो. ३६ इंची पन्ना धरतो, म्हणजे ९१ सेंमी.

छताचं कापड एका कठड्यावरून दुसऱ्या कठड्यावर, आडवं टाकायचं. लांबीत टाकू नका. आडवे पट्टे टाकले की जोडशिवण माथ्यावरून खाली उतरते आणि पाणी शिवणीच्या कडेने निथळतं. लांबीत टाकलं तर प्रत्येक शिवण पाणी अडवते.

आडवा वेढा: १२० + १५० + १२०, गोलाईत दहाएक सेंमी वाचतात, म्हणजे ३८०. हुकापर्यंत पोचायला दोन्हीकडे २० सेंमीचा पदर धरला की ४२०. दोन्ही टोकांना ५ सेंमीची दुमड, ४३०. आटायला तीन टक्के धरून एक पट्टा ४.४५ मीटरचा कापा. लांबी: १८८, पुढे १० आणि मागे १५ पदर, दुमडी १०, म्हणजे २२३. चपट्या शिवणीत जोडाला चार-पाच सेंमी जातात, तेव्हा पन्ना ८७ सेंमी उपयोगी. तीन पट्टे लागतील, १३.४ मीटर. पुढची भिंत दोन पट्टे, ३.२ मीटर. मागचा पडदा दोन पाखांचा, मध्ये १५ सेंमी एकावर एक, तोही ३.२. ठिगळं, पट्टे, आयलेटखालचे जोड मिळून दीड. बेरीज २१.३, तुम्ही २२ मीटर घ्या. कोरडा हूड दहा किलोच्या आसपास भरेल.

शिवण्याबद्दल. जोडशिवण चपटी, दोन्ही काठ एकमेकांत अडकवून दोन रांगा टाक्यांच्या. मोकळा काठ गाडीच्या मागच्या दिशेला, नाहीतर वाऱ्यात पाणी शिवणीत घुसतं. शिवण कमानीवर बसता कामा नये, तिथे पहिल्यांदा धागा घासतो. तुमच्या कमानींच्या मापात हे आपोआप जमतंय. पुढच्या कडेपासून कापत गेलात तर पहिला जोड साधारण ७२ वर येतो आणि दुसरा १५९ वर, कमानी ६३ आणि १२५ वर. पहिला जोड कमानीपासून नऊच सेंमीवर आहे, तेव्हा पुढचा पदर कमी-जास्त करू नका.

धागा गाभ्यात पॉलिस्टर आणि वरून सूत असलेला मिळाला तर उत्तम. सूत ओलं झालं की फुगतं आणि सुईचं भोक बुजवतं, पॉलिस्टर ताकद देतं. नुसतं सूत कुजतं, नुसतं पॉलिस्टर भोकातून पाणी सोडतं. इंचाला सहा ते आठ टाके. त्याहून दाट घातलेत तर कापड टाक्यांच्या रेघेवर तिकिटासारखं फाटतं. सुई १९ किंवा २० नंबर. शिंप्याचं घरगुती मशीन इथे नको. जोडशिवण दुमडीला भेटते तिथे सहा-आठ थर होतात, तिथे वॉकिंग फूटचं मशीन लागतं, म्हणजे ज्याचा वरचा पायही जाड थर पुढे सरकवतो ते. ते मंडपवाले, तंबूवाले आणि चांगले सीटकव्हरवाले यांच्याकडे असतं. जोडाचे थर दुमडीत शिरण्याआधी पायरीपायरीने कातरून घ्यायला सांगा.

आयलेट पितळी, दातेरी वॉशरचे, आतून दहा मिमी. अंतर १५ ते २० सेंमी, कोपऱ्यांवर दोन जवळजवळ. प्रत्येकाखाली कापडाचा जादा थर. भोक आयलेटच्या नळीपेक्षा किंचित लहान पाडायचं, म्हणजे ते ताणून बसतं. लोखंडी, वरून मुलामा दिलेले घेऊ नका. गंज सुताला खातो. तुमच्या जुन्या हूडचं आयलेटभोवती जे झालंय ते बहुधा हेच.

लाल_ऑक्साइड

कापडाआधी सांगाडा. कमानींचे कर्ण मोजा, पुढच्या डाव्या पायापासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट. एक सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी सांगाडा सरळ करा. वाकड्या सांगाड्यावर सरळ हूड कधीच बसत नाही, आणि वाकड्यावर माप घेऊन शिवला तर सांगाडा पुढे सरळ करता येत नाही.

जुन्या हूडवरून कापायचा मोह आवरा. तो कमानींमध्ये लोंबून ताणलेला असतो आणि काठांना आटलेला. त्याचा उपयोग आयलेटच्या जागा आणि खिडकीचं स्थान पाहण्यापुरता.

वेल्डिंगचे फुगवटे कानशीने सपाट करा, गंज घासून रेड ऑक्साइडचा (गंजरोधक) हात आणि वर रंग. रंग आठवडाभर वाळू द्या, नाहीतर तो कापडाला चिकटतो. हूडच्या आतून प्रत्येक कमानीच्या रेघेवर दहा सेंमी रुंद जुन्या कॅनव्हासची पट्टी शिवून घ्या. झिजायची ती पट्टी झिजेल, ती उसवून नवी लावता येते.

घाटउतार

कोकणात सुती कॅनव्हास हा हट्ट आहे, स्पष्ट सांगतो. जून ते सप्टेंबर तो वाळतच नाही. शेड उघडी म्हणताय, म्हणजे बुरशी ठरलेली. ६५० जीएसएमची पीव्हीसी लेपाची ताडपत्री घ्या, जोड गरम हवेने चिकटवून घ्या, शिवणीचा प्रश्नच मिटला. आटत नाही, कुजत नाही, वजनालाही फार फरक नाही. गाडी प्रदर्शनात उभी करायची नसेल तर हेच शहाणपण.

जाडाभरडा

घाटउतार, रोज भाडं मारणाऱ्या पिकअपला तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. इथे दोन अडचणी आहेत. पीव्हीसी श्वास घेत नाही, झाकलेल्या हौद्यात आतून घाम धरतो आणि पत्रा शिवणीपाशी गंजतो. जुन्या पत्र्याला ते महाग पडतं. दुसरं, पीव्हीसी चपटी पडते आणि गोल कमानीवर चुण्या राहतात. त्या चुण्यांवर काही उन्हाळ्यांनी लेप तडकतो.

बुरशीचा मुद्दा मात्र मान्य. उपाय म्हणजे कुजरोधक तांब्याच्या प्रक्रियेचं कापड मागणं, ते हिरवट असतं आणि त्याला वासही येतो. आणि ओला हूड कधीही घडी घालून ठेवायचा नाही. पावसाळ्यात तो सांगाड्यावरच ताणलेला राहू द्या, पुढची-मागची पाखं वर गुंडाळून वारा खेळता ठेवा. ते जमणार नसेल तर घाटउतार म्हणतात तेच करा.

नेरूरपार

सुतीच घेतोय. एका ठिकाणचा नमुना आणून तपासला. १० बाय १० चा तुकडा ५.६ ग्रॅम भरला, धुऊन वाळवल्यावर ४.७. पन्नासचा चौकोन ताण्यात ४७.५ आणि बाण्यात ४९ झाला. दुकानदार म्हणतो १६ औंस, प्रूफ केलेलं. घ्यावं का?

वॉकिंगफूट

नको. सोळा टक्के वजन उतरलं म्हणजे खळ आहे, प्रूफिंग असतं तर पाण्याने असं सुटलं नसतं. खालचं खरं कापड १४ औंसाच्या घरातलं.

आटण्याचा आकडाही बोलका आहे. तुमच्या पट्ट्यात ताणा आडवा जातो. ४४५ सेंमीच्या पट्ट्यावर पाच टक्के म्हणजे २२ सेंमी, आपण धरले होते पंधराच. दोन्ही बाजूंनी पदर तीन-चार सेंमी कमी पडेल आणि आयलेट हुकापर्यंत पोचणार नाहीत. मी तीन टक्के धरले होते ते आधी आटवलेल्या कापडाचे.

दुसरं काही मिळालंच नाही तर हेच २३ मीटर घ्या, कापण्याआधी पूर्ण भिजवून खळ काढा, ताण न देता वाळवा, मग कापा. शिवून झाल्यावर सांगाड्यावर चढवून प्रूफिंग वरून करावं लागेल. पॅराफिन मेणाचं तयार इमल्शन ब्रशने दोन हात, शिवणींवर तिसरा. मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून लावायची जुनी पद्धत आहे, पण ते उघड्यावर, आगीपासून दूर आणि पूर्ण वाळेपर्यंत गाडी सुरू न करता. मेणाचं कापड पेट घेतं, सायलेन्सरजवळ पदर लोंबता ठेवू नका.

लाल_ऑक्साइड

प्रूफ केलेलं कापड मिळालं तरी हूड चढवल्यावर नळीने पूर्ण भिजवून वाळवायचा, दोन-तीनदा. विण आवळते आणि सुईची भोकं बुजतात. पहिल्यांदा थेंब गळतील, घाबरू नका. साबण किंवा डिटर्जंट कधीच नाही, त्याचा अंश राहिला की पाणी कापडावर न ठरता आत झिरपतं. घाण कोरड्या ब्रशने, मग साध्या पाण्याने.

दोरी ८ मिमी पॉलिप्रॉपिलीनची. सुती दोरी ओली झाली की आखडते आणि वरून हूडही आटतो, दोघं मिळून आयलेट उपटतात. दोरी कोणतीही असो, पाऊस लागायच्या आधी बोटभर सैल सोडा.

नेरूरपार

आभार. मागच्या पडद्याला पारदर्शक खिडकी घालू का? आणि पुढची भिंत बंदच ठेवावी ना? कधीतरी मागे माणसं बसतात.

घाटउतार

खिडकी घाला, पण ०.७५ मिमीची पीव्हीसी फिल्म, आणि पडदा घडी न घालता गुंडाळायचा. घडीच्या रेघेवर फिल्म पांढरी पडते, मग चिरते. फिल्मच्या चारही बाजूंना कॅनव्हासची चौकट दोन्हीकडून. टाके लांब ठेवा, इंचाला पाच पुरे.

पुढची भिंत पूर्ण बंद नको. पुढून बंद आणि मागून उघडं असलं की चालत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी होते आणि एक्झॉस्टचा धूर हौद्यात ओढला जातो. पुढच्या भिंतीत ४० बाय ३० सेंमीची वर गुंडाळायची झडप ठेवा, आतून जाळी, बाहेरून पट्टा. माणसं बसली की पुढची झडप उघडी आणि मागचा पडदा बंद. पुढच्या भिंतीचा खालचा काठ मात्र हौद्याला दर १५ सेंमीवर बांधलेला हवा, नाहीतर वेगात तिथूनच हवा शिरून अख्खा हूड फुगतो.