गणपतीच्या रीलला गाणं चालतं, पण त्याच रीलची जाहिरात होत नाही. असं का?

मोदकवाली_चिपळूण

नमस्कार मंडळी. चिपळूणला आमचं उकडीच्या मोदकांचं घरगुती काम आहे. चतुर्थीच्या ऑर्डरी सुरू होतील म्हणून मोदकाला कळ्या पाडतानाची एक रील टाकली. त्यात फक्त हात दिसतात, मागे गणपतीचं एक मराठी चित्रपटगीत आहे. तेही इन्स्टाग्रामच्याच यादीतून घेतलेलं. रील गावात बरी फिरली. मग वाटलं, खेड-गुहागरपर्यंत पैसे भरून पोचवावी. बूस्टचं बटण दाबलं तर म्हणे, यातल्या संगीतामुळे जाहिरात करता येणार नाही. अकाउंट बिझनेसचं केलं तर यादीतली गाणीच गायब!

आमचे व्हिडिओ करून देणारा मुलगा म्हणतो, पंधरा सेकंदांपर्यंत काही होत नाही, खाली 'हक्क मूळ मालकाचे' असं लिहायचं की झालं. जाऊबाई म्हणतात, आरतीच लाव, आरती काय कोणाच्या मालकीची असते?

जाहिरातीला तीन हजार बाजूला काढलेत. संगीतासाठी वेगळे फार नाहीत. जाणकारांनी सांगा.

रीलमास्टर_ठाणे

एवढा विचार कशाला? परत पर्सनल अकाउंट करा, गाणं ठेवा, बूस्ट करू नका. आपल्यासारख्या छोट्यांना कोण विचारतंय? सगळे तेच करतात.

फेडर_सांगली

ताई, ठाण्याच्या साहेबांचा सल्ला तूर्त बाजूला राहू द्या. माझा सांगलीत छोटा स्टुडिओ आहे. दुकानांच्या जिंगल, रिक्षावर फिरणाऱ्या प्रचाराच्या टेपा, असलीच कामं. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे आठवड्याला येतो.

यादीतली गाणी मेटाने, म्हणजे इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीने, म्युझिक कंपन्यांशी करार करून आणलेली असतात, आणि तो करार लोकांच्या हौसेपुरता आहे. बारशाची रील असेल तर खुशाल लावा. मोदक नगावर विकायचे म्हटलं की तो धंदा झाला, आणि धंद्याला तो करार लागू नाही. बूस्ट केलं की ती सरळ जाहिरातच, म्हणून यंत्रणा तिथे अडवते. पर्सनल अकाउंटवर अडवत नाही कारण तुम्ही मोदक विकता हे तिला तिथे कळत नाही. ती काही परवानगी नव्हे. अमेरिकेत बँग नावाच्या एनर्जी ड्रिंकवाल्यांनी टिकटॉकवरच्या आपल्या जाहिरातींना अशीच गाजलेली गाणी लावली. युनिव्हर्सल आणि सोनी दोघंही कोर्टात गेले, आणि 2022 मध्ये दोन्ही दाव्यांत हक्कभंग झाला असाच निकाल लागला. ॲपवर गाणं मिळत होतं, ही सबब कामाला आली नाही. कंपनी मोठी होती म्हणून दावा झाला, हे खरं. पण छोट्याची रील ऐन चतुर्थीच्या आठवड्यात म्यूट झाली तर त्याचंही नुकसान व्हायचं ते होतंच.

आता पंधरा सेकंद. हा आकडा कोणी काढला देव जाणे, मी सातही ऐकलेत आणि तीसही. कायद्यात असा आकडाच नाही. उलट जाहिरातवाले कंपनीकडून पैसे मोजून घेतात तो तुकडाही साधारण तेवढाच असतो. आणि श्रेय लिहून हक्क मिळत नाही. दुसऱ्याची स्कूटर नेताना नंबरप्लेटखाली मालकाचं नाव लिहिलं म्हणून कोणी सोडतं का?

जाऊबाई मात्र अर्ध्या बरोबर आहेत. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात गाणं ही एक वस्तू नाही. शब्द वेगळे, चाल वेगळी, ध्वनिमुद्रण वेगळं. शब्दांचा आणि चालीचा हक्क कवी-संगीतकार गेल्यानंतर 60 वर्षं राहतो, ध्वनिमुद्रणाचा ते प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं. 'सुखकर्ता दुखहर्ता' समर्थांची म्हणतात, तिच्या शब्दांवर आज कोणाचा हक्क नाही. पण मंडपात वाजते ती ओळखीच्या आवाजातली आरती म्हणजे ध्वनिमुद्रण, आणि ते ज्या कंपनीचं आहे तिला विचारल्याशिवाय जाहिरातीत घेता येत नाही.

हेच उलट बाजूनेही अडतं. 1960 साली बाजारात आलेल्या भावगीताच्या तबकडीचा हक्क 2020 च्या अखेरीस संपला, म्हणून लोक खूश होतात. पण शब्द गदिमांचे असले तर? ते 1977 साली गेले, म्हणजे शब्द 2037 अखेरपर्यंत राखीव. चाल बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची, असेल तर 2062 अखेरपर्यंत. माझ्याकडे गिऱ्हाईक 'जुनंच तर आहे' म्हणत पेनड्राइव्ह घेऊन येतं तेव्हा मी आधी कवी कधी गेला ते विचारतो. लोकांना वाटतं मी विषय बदलतोय.

चित्रपटगीतच हवं असेल तर रीतसर रस्ता आहे. म्युझिक कंपनीच्या लायसन्सिंग विभागाला कळवायचं: कोणतं गाणं, कितवा तुकडा, कुठे कुठे दिसणार, किती महिने. पण तीन हजारांच्या जाहिरातीसाठी हा रस्ता नव्हे. आणि कोणी आयपीआरएस किंवा पीपीएल या गाणी वाजवायचे परवाने देणाऱ्या संस्थांकडे जा म्हणालं तर जाऊ नका. हॉटेलात, कार्यक्रमात गाणं वाजवायचा परवाना वेगळा असतो. तो घेतला म्हणून गाणं व्हिडिओला जोडता येत नाही.

फुकटात हवं तर मेटाचं साउंड कलेक्शन आहे. फेसबुक-इन्स्टावर धंद्यालाही चालतं, मात्र तीच रील यूट्यूबवर नेऊ नका. मोफत संगीताच्या साइटवर क्रिएटिव्ह कॉमन्स या फुकट वापराच्या परवान्याखाली 'एनसी' ही अक्षरं दिसली तर तो ट्रॅक सोडा, तो धंद्यासाठी नाही. खरं सांगायचं तर त्या साठ्यात उकडीच्या मोदकाला शोभेल असं फार काही मिळत नाही. जिकडे तिकडे युकुलेली आणि शिट्ट्या.

मी तुमच्या जागी असतो तर स्वतःच रेकॉर्ड केलं असतं.

मोदकवाली_चिपळूण

एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. दोन गोष्टी विचारते. आमच्या वाडीत भजनी मंडळ आहे, पखवाज-टाळ सगळं आहे, भाचा पेटी धरतो. तेच चित्रपटगीत यांनी गायलं तर चालेल का? आणि आरती गायली तर कोणाकडून काही लिहून घ्यायला लागतं का? सगळे घरचेच आहेत.

फेडर_सांगली

चित्रपटगीत नको. मंडळाने गायलं तरी शब्द आणि चाल दुसऱ्यांचीच राहते, बदलतं ते फक्त ध्वनिमुद्रण. आरती गा, आणि तुमच्या घरी म्हणतात तशीच गा. प्रसिद्ध रेकॉर्डमधले मधले वाद्यांचे तुकडे उचलू नका, ते कोणीतरी बसवलेले आहेत.

लिहून नक्की घ्या, घरचे असले तरी. गाणाऱ्यांचे आणि वाजवणाऱ्यांचेही कायद्यात हक्क आहेत. कायद्याचं कलम 19 म्हणतं की हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कागद लेखी आणि सहीचा हवा. मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. उद्या दुबईच्या चाकरमान्यांना मोदकाचं पीठ पाठवायला लागलात तर? म्हणून चार ओळीत लिहा: कोणी काय गायलं किंवा वाजवलं, किती मानधन दिलं, जाहिरातीत आणि सगळ्या सोशल मीडियावर चालेल, जगभर, अमुक वर्षं. प्रत्येकाची सही. मानधन पाचशे असू दे, पण द्या. नारळावर भागवू नका. पुढच्या वर्षी तुमचा धंदा वाढला की तोच नारळ टोचायला लागतो.

स्टुडिओत यायची गरज नाही. ओटीवर बसा, पंखा बंद. टाळकरी पार मागच्या भिंतीला, नाहीतर फोनमध्ये टाळ सोडून काही ऐकू येत नाही. फोन गाणाऱ्याच्या छातीच्या उंचीला, दोन हात लांब. आणि गाण्याआधीचे तीन-चार सेकंद नुसता खवणीवर नारळ खवल्याचा आवाज घ्या. मोदकपात्राचं झाकण निघतं तोही घ्या. त्याला कोणाचीच परवानगी लागत नाही, आणि माझ्या मते गाण्यापेक्षा तोच जास्त मोदक विकेल.

वकीलताई_नाशिक

वरचं बरोबर आहे, थोडी भर. धार्मिक समारंभात गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे, ती त्या समारंभापुरती. 'गणपतीचं आहे, सूट आहे' असं सांगून कोणी जाहिरातीत रेकॉर्डवरची आरती लावायला लावेल, ऐकू नका. दुसरं, भाचा अठरा वर्षांचा नसेल तर सही आई-वडिलांची घ्या. तिसरं, व्हिडिओ करणाऱ्या मुलाकडूनही लिहून घ्या की त्याने बाहेरचा कोणताही ट्रॅक मिसळलेला नाही. ही मुलं शेवटी हौसेने मागे काहीतरी सरकवतात.

रीलमास्टर_ठाणे

ठीक आहे, ठीक आहे. पण मग आधीची रील काढायची का?

फेडर_सांगली

काढावी. मूळ क्लिप फोनमध्ये असेल तर तीच नव्या आवाजावर परत चढवा, कळ्या पाडणारे हात तेच राहतील. आणि ताई, पखवाजवाल्यांना म्हणावं कणीक ताजी मळून लावा. पावसाळी हवेत पुडी, म्हणजे पखवाजाचं कातडं, उतरते, आणि रेकॉर्डिंगमध्ये ते मला मागून सावरता येत नाही.

मोदकवाली_चिपळूण

कणकेची काळजी नको, घरात तेवढी एक गोष्ट कायम मळलेली असते. भाचा एकोणीसचा आहे. रविवारी बसतो ओटीवर.