व्यायामात खंड पडल्यानंतर पुन्हा सुरुवात कशी करावी? (मदत हवी आहे)

मुलुंडकरीण

नमस्कार.

व्यायामाला सुरुवात कशी करावी, याविषयी वाचायला पुष्कळ मिळते. माझी अडचण त्याच्या पुढची आहे. सुरुवात मला जमते, पाच-सहा आठवडे नेमाने चालणेही होते. परंतु काही कारणाने आठवडाभराचा खंड पडला की त्या आठवड्याचे दोन महिने कधी होतात ते समजत नाही, आणि पुन्हा घराबाहेर पडणे पहिल्या वेळेपेक्षा अधिक जड जाते. ज्यांचा व्यायाम वर्षानुवर्षे टिकून आहे, त्यांच्याही घरी आजारपणे आणि लग्नकार्ये आलीच असतील. अशा खंडानंतर तुम्ही नेमके काय करता, हे मला जाणून घ्यायचे आहे.

थोडी माहिती देते. माझे वय ४६, नोकरी बैठी आणि कार्यालय लोअर परळला. आईला मधुमेह आहे आणि माझी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी) तपासणी ६.१ आली आहे, ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहपूर्व अवस्थेचा मानतात, त्यामुळे मी उंबरठ्यावर आहे असे म्हणायला हरकत नाही. डॉक्टरांनी तूर्त औषध दिलेले नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम, एवढेच सांगितले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची शिफारसही तीच आहे. रोजचा हिशेब केला तर ही जेमतेम बावीस मिनिटे होतात, त्यामुळे वेळ नाही असे म्हणण्याची सोयही राहत नाही.

सकाळ माझ्या हातात नसते. आमच्या जुन्या इमारतीत पाणी पहाटे येते; ते भरणे, दोन डबे आणि सासूबाईंची औषधे आटोपून सव्वाआठच्या सुमाराची धीमी लोकल गाठायची असते. करी रोडला उतरून पुढे कार्यालयापर्यंत चालत जाते, पण त्या गर्दीतल्या चालण्याला व्यायाम म्हणावे की नाही, याबद्दल मला शंका आहे. म्हणून मी रात्रीच्या जेवणानंतर चालायला जाते. ही वेळ मला मानवते. प्रश्न वेळेचा नाहीच.

मुंबईचे वर्षच नेमाच्या विरोधात आहे, असे माझे मत होत चालले आहे. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन असते आणि त्या सुमारास साऱ्या शहराला धावण्याचा उत्साह चढतो. मार्चमध्ये मुलाच्या परीक्षा, एप्रिल-मे महिन्यांत दहा पावले टाकली तरी अंगाला चिकटणारा घाम, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस. पावसात पदपथावरचे पेव्हर ब्लॉक उचकटलेले असतात, कोणता दगड पाण्याची पिचकारी उडवेल ते पाय ठेवल्याशिवाय कळत नाही. गेल्या जुलैत आठवड्याभराच्या खंडानंतर चपलांच्या कपाटातून बूट काढले, तर आतल्या गादीवर पांढरी बुरशी आणि नाड्यांच्या टोकांना हिरवट छटा आलेली. ते धुऊन पंख्याखाली वाळायला तीन दिवस लागले, आणि तेवढ्यात माझा निश्चय पुरता ओला झाला. पाऊस सरतो न सरतो तोच गणपती, नवरात्र आणि दिवाळी; दिवाळीनंतर हवेतला धुरकटपणा. सलग दहा आठवडे निर्वेध मिळतील असा काळ मला तरी कॅलेंडरवर सापडत नाही.

मोबाइलमध्ये एक ॲप आहे. सलग किती दिवस व्यायाम झाला त्याचा आकडा ते दाखवते. आकडा वाढत असतो तोपर्यंत त्याचा उपयोग होतो, परंतु एक दिवस चुकला की ते शून्य दाखवते आणि मग त्या शून्याकडे पाहण्याचीही इच्छा होत नाही.

तेव्हा विचारायचे ते असे. खंडानंतर पहिल्या दिवशी पूर्वीइतकेच चालावे की कमी? पावसाळ्यात चालण्याऐवजी घरात काय करावे, जे शेजारच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलाला आणि खालच्या मजल्यावरच्या मंडळींना त्रासाचे होणार नाही? आणि स्टेशनजवळच्या एका व्यायामशाळेत वर्षाचे पैसे एकदम भरल्यास मोठी सवलत आहे. पैसे भरले की आपण जातोच, असा मैत्रिणीचा आग्रह आहे. तिचे म्हणणे अनुभवाला धरून आहे का?

निवृत्त कारकून

ताई, मी शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती अनेक वर्षे चालतो आहे. तिथे रोज दिसणारी मंडळी विलक्षण निश्चयी असतात असा बाहेरच्यांचा समज असतो, पण तो खरा नाही. मोठे आजार, मुलीची बाळंतपणे, सोसायटीची भांडणे यांपायी त्यांतले निम्मे लोक अधूनमधून नाहीसे होतात. फरक एवढाच की ते परत येतात आणि आल्यावर कोणी त्यांना हिशेब विचारत नाही. तुमचे ॲप नेमका तोच हिशेब विचारते, म्हणून माझ्या मते ते आधी काढून टाकावे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर व्यायाम झालेल्या दिवशी पेन्सिलीने खूण करावी आणि महिनाअखेर खुणा मोजाव्यात. चुकलेला दिवस कॅलेंडरवर कोराच राहतो, आधीच्या खुणा मात्र पुसत नाही.

याला अभ्यासाचाही आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ जणांना रोज एक नवी कृती करायला सांगून ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिले. मध्यक ६६ दिवसांचा आला, परंतु व्यक्तीव्यक्तीतले अंतर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होते, आणि पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टींपेक्षा व्यायामाला जास्त दिवस लागले. तुमच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या क्रियेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पाच-सहा आठवड्यांनंतर सवय लागलेली नसणे हे त्या हिशेबाने अगदी स्वाभाविक आहे. तुम्ही ती लागली असे धरून चालता आणि खंड पडला की कोलमडता.

मी स्वतः खंडाची तजवीज खंडापूर्वी करतो. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली ‘जर-तर’ स्वरूपाच्या बेतांविषयी लिहिले, ते मला निवृत्तीनंतर वाचायला मिळाले आणि आपण आजवर करत होतो त्याला शास्त्राचा दुजोरा आहे हे पाहून बरे वाटले. ‘मी नियमित चालेन’ हा संकल्प झाला. ‘रात्री नऊ वाजता पाऊस पडत असेल, तर त्याच वेळी घरात सूर्यनमस्कार घालीन’ हा बेत झाला. पावसाळ्यासाठी, गणपतीसाठी आणि पाहुण्यांसाठी असे एकेक वाक्य आजच लिहून ठेवा. वेळ तीच ठेवायची, व्यायाम बदलायचा. वेळ सुटली की सगळेच सुटते, हे मी कट्ट्यावर अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

सूर्यनमस्कारांना सतरंजीएवढी जागा पुरते आणि आवाज होत नाही, उडी मारून पाय मागे न नेता एकेक पाय सावकाश नेला म्हणजे झाले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले, त्यामागेही साहित्य नको, मैदान नको, हाच विचार असावा.

विरार फास्ट

काकांचे सगळे पटले, तरी कट्ट्यावर चालायला जाणाऱ्यांच्या घरी पाणी कोण भरते, असाही एक प्रश्न आहे. मुलुंडकरीण, तुमचा खंड तुमच्या आळशीपणामुळे पडत नाही. गणपतीत नऊ वाजता तुम्ही स्वयंपाकघरात असता म्हणून पडतो. रात्रीची ती बावीस मिनिटे घरातल्या दुसऱ्या कोणी तरी ओटा आवरण्याला द्यावीत, असे वाक्यही त्या बेतांच्या यादीत लिहा आणि ती यादी फ्रिजवर लावा.

व्यायामशाळेचे पैसे वर्षाचे एकदम भरू नका. अमेरिकेतल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मासिक सदस्यत्व घेणारे लोक सरासरी इतके कमी वेळा गेले की त्यांना एका भेटीसाठी १७ डॉलरहून अधिक पडले. तिथेच दहा भेटींचे पास घेतले असते तर एका भेटीला १० डॉलर पडले असते. पैसे भरताना आपण आपल्या उत्साहाची किंमत करतो, जुलैतल्या पावसाची करत नाही. महिन्याचे भरा, महागात पडले तरी चालेल.

फिजिओथेरपी

मी या व्यवसायात आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा तपशिलाने देते. खंडात दम आणि ताकद सारख्या वेगाने कमी होत नाहीत. हृदय आणि फुप्फुसांची क्षमता दोन-तीन आठवड्यांत घटू लागते, स्नायूंची ताकद त्याहून अधिक काळ टिकते. याचा परिणाम फसवा असतो, कारण पायांना वाटते आपण पूर्वीसारखे चालू शकू आणि दम मात्र पहिल्या चढालाच लागतो. मग आपली प्रकृती पार ढासळली असे वाटून माणूस निराश होतो. आठवड्याभराचा खंड असेल तर पूर्वीच्याच वेगाने चाला. महिन्याचा असेल तर पहिला आठवडा निम्मा वेळ, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने, आणि पुढच्या आठवड्यापासून वाढवत जा. ताप येऊन गेला असेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज सुरुवात करू नका.

तुमच्यासाठी दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची आहे. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात धरत नसत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात ती अट काढून टाकली. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टाइप २ मधुमेह असलेल्यांनी दिवसात कधीही सलग अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटे चालल्यास जेवणानंतरची साखर अधिक उतरली. तुमची अवस्था मधुमेहाची नाही, पण जेवणानंतर चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात हे तुम्हालाही लागू आहे. म्हणजे दुपारच्या डब्यानंतर कार्यालयाच्या मार्गिकेतल्या दहा मिनिटांना तुच्छ लेखू नका. पावसाळ्यातही ती मार्गिका कोरडी असते.

करी रोडचे गर्दीतले चालणे व्यायामात धरू नये, या तुमच्या शंकेशी मी बरीचशी सहमत आहे, कारण तिथे वेग मिळत नाही. मात्र परतताना जमेल तेव्हा परळपर्यंत चालत जाता येईल. २०१९ पासून काही धीम्या लोकल परळहून सुटतात, त्यांतली एखादी वेळेत बसली तर बसायला जागाही मिळेल.

मुलुंडकरीण

सर्वांचे मनापासून आभार. ॲप काढून टाकले आणि वर्षाच्या सवलतीला नकार कळवला. परळची सूचना मला सुचलीच नव्हती. गणपतीच्या दहा दिवसांत मात्र लालबागच्या गर्दीमुळे त्या भागात चालणे शक्य होणार नाही, कारण तेव्हा करी रोडच्या जिन्यावरून खाली यायलाच बराच वेळ लागतो; म्हणून त्या दिवसांसाठी काकांच्या पद्धतीने ‘आरती झाली की गच्चीवर दहा मिनिटे, पाऊस असेल तर घरात सहा सूर्यनमस्कार’ असे वाक्य लिहून फ्रिजवर लावले आहे. ओट्याचे वाक्य त्याच्या वर आहे. ते वाचून घरात थोडा वेळ शांतता पसरली, पण कागद अजून जागेवर आहे.

एकच शंका उरली. ताकदीच्या व्यायामासाठी इमारतीचे तीन मजले चढणे-उतरणे पुरेसे आहे का? चढताना काही वाटत नाही, उतरताना उजवा गुडघा किंचित बोलतो.

फिजिओथेरपी

चढणे चालेल, उतरणे तूर्त बेताने करा, कारण पायऱ्या उतरताना गुडघ्याच्या वाटीवर चढण्यापेक्षा जास्त भार येतो. कठड्याला हात लावून उतरा आणि घाई करू नका. जिने केवळ पायांचे काम करतात, म्हणून आठवड्यातले दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे आणि ओट्याला हात टेकून तिरके जोर, असे दोन-तीन फेरे करा. गुडघा दोन आठवड्यांनंतरही बोलत राहिला, त्याला सूज आली किंवा रात्री ठणका लागला, तर प्रत्यक्ष तपासून घ्या.